चुलीपाशी यंत्र कोण ठेवणार?

(सातारा आणि सांगली जिल्ह्यांतल्या महिला गटांच्या एकत्रित शिबिरात केलेलं भाषण. बोलण्याचा बाज शक्यतो तसाच ठेवला आहे.)



आधी जरा हात वर करायला सांगते. आज सकाळी इथं यायच्या अगोदर कुणीकुणी चूल पेटवली? निम्म्याहून जास्त हात आहेत. आता ज्यांच्या घरी गॅस आहे त्यांनी वर करा. हेही निम्म्याहून जास्तच! म्हणजे दोन्ही वेळा हात वर केलेल्या पुष्कळ जणी आहेत. लाजू नका. सरकारी पाहणीत विचारतात, ‘स्वयंपाकाला मुख्य इंधन कोणतं?’ आपण एकच सांगतो, बहुतेक वेळा गॅस, कारण तो सांगायला बरा वाटतो. प्रत्यक्षात चहा आणि भाजी गॅसवर, भाकरी आणि अंघोळीचं पाणी चुलीवर. माझं आजचं बोलणं या दोन्ही वेळा हात वर करणाऱ्या बाईबद्दल आहे.

संयोजकांनी मला विषय दिलाय, ‘हवेचं प्रदूषण, विषारी द्रव्यं आणि आरोग्य : संशोधन काय सांगतं?’ मी डॉक्टर नाही. बारावीनंतर शिक्षण सुटलं. पण या विषयावरचं जे हाताला लागलं ते शब्दकोश घेऊन वाचलं, अडलं तिथं एका डॉक्टर मैत्रिणीला विचारलं. वाचायला का लागले, ते आधी सांगते.

माझं माहेर खटाव तालुक्यातलं, कोरडवाहू गाव. आईनं जन्मभर शेणी, बाभळीचं जळण आणि जोंधळ्याची धसकटं यांवर स्वयंपाक केला. पावसाळ्यात जळण ओलं असलं की घरात माणूस दिसायचं नाही. पन्नाशीच्या आतच तिला खोकला लागला. मग दम. घागर उचलून उंबऱ्यापर्यंत आली की ती बोलायची थांबायची, आधी श्वास, मग शब्द. गावात म्हणायचे, दमा आहे, वय झालं. टी.बी. असेल म्हणून दोनदा थुंकी तपासली, काही निघालं नाही. शेवटी तिला एका मोठ्या दवाखान्यात नेलं. तिथल्या डॉक्टरांनी विचारलं, “आजी, बिडी ओढता का?” आई म्हणाली, “न्हाई ओ, मिश्री लावते.” त्यांनी केसपेपरवर लिहिलं, तंबाखू : होय. झालं. कारण सापडलं! चुलीबद्दल त्यांनी विचारलं नाही आणि आम्हीही सांगितलं नाही. सांगायचं असतं हे आम्हाला ठाऊकच नव्हतं. त्या कागदावर चुलीचा रकानाच नव्हता.

मिश्री वाईटच. तोंडाचा कॅन्सर होतो, गरोदरपणात बाळाला बाधतं, ते वेगळं भांडण आहे आणि ते आपण केलंच पाहिजे. पण मिश्री दाताला लावतात, छातीत ओढत नाहीत. आईच्या छातीत गेला तो चाळीस वर्षांचा धूर.

२००८ साली आई गेली. पुढच्याच वर्षी, २००९ मध्ये, ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात पुण्याचे डॉ. संदीप साळवी आणि लंडनचे डॉ. पीटर बार्न्स यांचा एक लेख आला. मी तो फार उशिरा वाचला. फुप्फुसाच्या नळ्या कायमच्या अरुंद होतात, त्या आजाराला सीओपीडी म्हणतात. तो विडी-सिगारेटचा आजार समजला जातो. हे दोघे लिहितात, या आजाराच्या जगातल्या अंदाजे २५ ते ४५ टक्के रुग्णांनी कधीच धूम्रपान केलेलं नाही. जगात सिगारेट ओढणारे सुमारे शंभर कोटी, आणि लाकूड, शेण, पाचोळा यांच्या धुरात राहणारे सुमारे तीनशे कोटी. ते वाचताना मला तो केसपेपर आठवत होता.

आता तुम्ही म्हणाल, धूर वाईट हे कळायला संशोधन कशाला? डोळ्यांत पाणी येतं तेव्हाच कळतं की! खरं आहे. पण डोळ्यांतलं पाणी पुरावा म्हणून कुणी धरत नाही. १९८१ च्या सुमारास कर्क स्मिथ नावाचे अमेरिकन संशोधक आपल्याकडे आले. अगरवाल आणि दवे या सहकाऱ्यांबरोबर त्यांनी गुजरातमधल्या चार खेड्यांत एक साधीच गोष्ट केली. हवा मोजायचं यंत्र त्यांनी चौकात किंवा कारखान्याच्या दारात न ठेवता स्वयंपाक करणाऱ्या बाईच्या अंगावर लावलं. भाकरी भाजताना ती ज्या हवेत श्वास घेते ती हवा मोजली. घनमीटरमागे सुमारे ७ मिलिग्रॅम धूळ निघाली. आजचे निकष त्यातल्या अगदी बारीक कणांचे आहेत, त्यामुळं थेट तुलना करता येत नाही. पण अंदाज यावा म्हणून सांगते : या बारीक कणांसाठी, ज्यांना पीएम २.५ म्हणतात, आपल्या देशाची २००९ ची मर्यादा वर्षाच्या सरासरीला ४० मायक्रोग्रॅम आहे, आणि जागतिक आरोग्य संघटनेनं २०२१ मध्ये ती ५ असावी असं सांगितलं. एक मिलिग्रॅम म्हणजे हजार मायक्रोग्रॅम. गणित घरी जाऊन करा.

त्याआधी लंडनला १९५२ च्या डिसेंबरात धुक्यात कोळशाचा धूर कोंडून हजारो माणसं मेली, तेव्हापासून शहराच्या हवेवर कायदे झाले, अभ्यास झाले. चुलीपाशी यंत्र न्यायला आणखी तीस वर्षं लागली. चूल म्हणजे घरातली बाब, आणि घरातली बाब म्हणजे बाईची. नवऱ्याची मारहाणही पुष्कळ वर्षं ‘घरातली बाब’ होती, हे इथं बसलेल्यांना मी सांगायला नको.

हे बारीक कण करतात काय? आपल्या केसाच्या जाडीच्या वीसाव्या-तिसाव्या हिश्शाइतके ते असतात. नाकातल्या केसांत अडकत नाहीत, फुप्फुसाच्या पार तळाशी जातात, तिथं सूज आणतात, काही रक्तातही उतरतात. म्हणून धुराचा आजार फक्त खोकल्याचा नाही. हृदयविकार, अर्धांगवायू, फुप्फुसाचा कॅन्सर, कमी वजनाचं बाळ, लहान मुलांचा न्यूमोनिया या सगळ्यांशी त्याचा संबंध सापडलाय. १९९२-९३ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीची माहिती घेऊन केलेल्या विश्लेषणात शेणी-लाकडावर स्वयंपाक होणाऱ्या घरांत अंधूक दिसण्याचं प्रमाण जास्त आढळलं. शिवाय धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटींहून घट्ट चिकटतो. आपल्या बायकांत मुळात रक्त कमी : २०१९-२१ च्या पाहणीत देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के बायका रक्तक्षयी निघाल्या. त्यात असलेल्या हिमोग्लोबिनचाही वाटा धूर खातो.

२०२० च्या डिसेंबरात ‘लॅन्सेट’च्याच एका भावंड नियतकालिकात भारताचा अंदाज आला. २०१९ या एका वर्षात हवेच्या प्रदूषणामुळे १६.७ लाख मृत्यू. त्यातले ९.८ लाख बाहेरच्या हवेतल्या कणांमुळे, ६.१ लाख घरातल्या धुरामुळे. हा अंदाज आहे, मोजून आणलेली प्रेतं नाहीत, हे लक्षात ठेवा. कुणाच्याही मृत्यूच्या दाखल्यावर ‘चूल’ असं लिहीत नाहीत. आईच्याही नाही.

आता उपायांचं बघू. १९८३-८४ पासून २००२ पर्यंत केंद्र सरकारचा सुधारित चुलींचा कार्यक्रम होता. ‘निर्धूर चूल’ हा शब्द तुमच्यातल्या वयस्क बायांना आठवत असेल. आमच्याही घरी एका गवंड्यानं ती बांधली होती. धुराडं छान होतं, पण तोंड इतकं लहान की धसकटं आत जाईनात आणि पाण्याचं पातेलं वर बसेना. आईनं चार महिन्यांत कोयत्यानं तोंड मोठं केलं. मग धूर पुन्हा घरात. मी तेव्हा तिलाच हसले होते. आज वाटतं, मापं घ्यायच्या आधी त्या गवंड्यानं तिला विचारलं असतं तर? किती चुली बसवल्या हे मोजणं सोपं असतं. किती चुली दोन वर्षांनी धडपणी चालतायत, हे मोजायला पुन्हा त्या घरी जावं लागतं.

मग २०१६ च्या मे महिन्यात उज्ज्वला योजना आली. मी त्या योजनेची चेष्टा करणार नाही. बाईच्या नावावर घरात आलेली ती कित्येकींची पहिली वस्तू होती. २०१९-२१ च्या पाहणीत देशातल्या ५८.६ टक्के घरांत स्वच्छ इंधन हे मुख्य इंधन होतं, खेड्यांत मात्र ४३.२ टक्केच. टाकी घरात आली तरी ती भरायची कुणी? २०२३ च्या उन्हाळ्यात भाव अकराशेच्या घरात होता. शेतमजुरीचे चार-पाच दिवस एका टाकीला. घरात पैशाची ओढ लागली की आधी बाईचं औषध बंद होतं, मग गॅस. कारण जळण ‘फुकट’ असतं. ते आणायला तिचे दोन तास जातात, ते कुठल्या हिशेबात नसतात. आणि आपल्या दोन्ही जिल्ह्यांत दरवर्षी बीडकडून ऊसतोडीला येणाऱ्या बाया? टाकी त्यांच्या गावी कुलुपात. इथं पहाटे तीनला कोपीच्या तोंडाशी तीन दगड.

एक आणखी सांगून टाकते. साताऱ्याच्या हमरस्त्यावर हॉटेलांच्या पाट्या बघितल्यात? ‘चुलीवरचं मटण’, ‘चुलीवरची भाकरी’. गाड्या थांबतात, फोटो निघतात. पाटीवर चूल असते, चुलीमागची बाई नसते. बारा-बारा तास ती रोजावर भाकऱ्या थापते. गावाकडची चव म्हणून लोक जे खातात ते तिच्या छातीतून आलेलं असतं. मी भाकरी खाऊ नका म्हणत नाही. वर धुराडं आहे का, एवढं मालकाला विचारा.

गॅस दिला की सगळं बरं होतं का? इथं मला प्रामाणिक राहिलं पाहिजे, कारण व्यासपीठावरून आपण फार लवकर खात्री देतो. तामिळनाडू, ग्वाटेमाला, पेरू आणि रवांडा इथं ३,२०० गरोदर बायकांवर एक मोठा अभ्यास झाला. अर्ध्या जणींना शेगडी आणि गॅस फुकट, घरपोच. बाकीच्या चुलीवरच. २०२२ मध्ये निष्कर्ष आले. गॅसवाल्या बायकांच्या श्वासातले बारीक कण ७१ वरून २४ मायक्रोग्रॅमवर, म्हणजे चुलीवालींच्या तिसऱ्या हिश्शावर आले. पण बाळांच्या वजनात म्हणावा असा फरक पडला नाही. मी ते वाचून दोन दिवस गप्प होते. मग वाटलं, पंधरा-वीस वर्षं धुरात वाढलेल्या पोरीला गरोदरपणीचे थोडे महिने स्वच्छ हवा दिली, एवढ्यानं सगळं भरून निघायला पाहिजे, ही अपेक्षाच जास्त होती का? शिवाय २४ म्हणजे जागतिक आरोग्य संघटनेच्या मर्यादेच्या जवळजवळ पाचपट. आपली चूल बंद केली तरी शेजारचा धूर येतोच. हा माझा अर्थ झाला, शास्त्रज्ञ त्यावर अजून वाद घालतायत. ग्वाटेमालात त्याआधी धुराड्याच्या चुलीवर अभ्यास झाला होता, २०११ साली प्रसिद्ध झाला. तिथं लहान मुलांचा एकूण न्यूमोनिया खात्रीनं कमी झाल्याचं दिसलं नाही, पण गंभीर न्यूमोनिया तिसऱ्या हिश्शानं घटला. आई असलेल्या बाईला त्या तिसऱ्या हिश्शाचा अर्थ समजावायला लागत नाही.

चूल सोडून आता घराबाहेर येऊ. २०१९ च्या जानेवारीत केंद्रानं स्वच्छ हवेचा राष्ट्रीय कार्यक्रम जाहीर केला. हवा बिघडलेल्या १०२ शहरांची यादी निघाली. महाराष्ट्रातली १७, त्यात आपली सांगली. सातारा नाही. साताऱ्याच्या बायांनी लगेच खूश होऊ नये! जिथं वर्षानुवर्षं हवा मोजली गेली, त्याच शहरांतून ती यादी निघाली. ज्या गावात यंत्र नाही ते गाव यादीत येणार कुठून?

कऱ्हाडपासून वाळव्यापर्यंत ऊस तुटून गेला की पाचट पेटतं. संध्याकाळी आभाळ तांबडं आणि सकाळी वाळत घातलेल्या धुण्यावर काजळीची फुलं. गुऱ्हाळाच्या चुलवणापाशी चिपाड जाळणारा माणूस दिवसभर त्यातच. पाचट जाळू नका, जमिनीत कुजवा, हे शेतीशास्त्रज्ञ कधीपासून सांगतात. फलटणला ‘आरती’ संस्थेनं, आनंद कर्वे आणि प्रियदर्शिनी कर्वे यांनी, पाचटाचा कोळसा करून कांड्या पाडायची साधी भट्टी बसवली. २००२ साली तिला लंडनचा ॲश्डेन पुरस्कार मिळाला. काम चांगलंच. एक सावधगिरी मात्र सांगते : कोळशाला दिसणारा धूर कमी, पण कार्बन मोनॉक्साइड असतोच. बंद खोलीत कोळशाची शेगडी ठेवून झोपू नका, बाळंतिणीच्या खोलीत तर नाहीच नाही.

आता माझ्या सासरकडचं. मी तासगाव तालुक्यात नांदते आणि तीन हंगाम मी स्वतः द्राक्षबागेत रोजानं गेले आहे. छाटणीनंतर घड धरले की डिपिंग असतं. एकेक घड जीएच्या पाण्यात बुडवायचा. हात वर, मान वर, पाणी कोपरापर्यंत ओघळतं. जीए फार जहाल नाही म्हणतात. पण त्याच पाण्यात आणखी काय मिसळलंय, हे आम्हाला कुणी सांगायचं नाही. पलीकडच्या ओळीत ट्रॅक्टरचा ब्लोअर चालू असायचा आणि त्याच बागेत आम्ही भाकरी सोडायचो. संध्याकाळी फवारणी करून आलेल्या नवऱ्याचे कपडे धुणार कोण? तीच बाई, हातांनी, पोरांच्या कपड्यांबरोबर.

२०१० साली युरोपात आपल्या द्राक्षांत क्लोरमेक्वाट क्लोराइडचे, म्हणजे बागायतदार ज्याला लिहोसीन म्हणतात त्याचे अंश सापडले आणि कंटेनर अडकून पडले. केवढा हाहाकार झाला! निर्यातीच्या द्राक्षाचा नमुना प्रयोगशाळेत जातो, कुठल्या बागेतला घड कुठल्या पेटीत गेला याची २००६ पासून संगणकावर नोंद राहते. चांगलं आहे. युरोपातल्या पोरांच्या पोटात विष जाऊ नये. पण औषधांतली ऑर्गनोफॉस्फेट जातीची विषं अंगात गेली की रक्तातलं कोलिनेस्टरेज नावाचं द्रव्य घटतं. तेही साध्या रक्ततपासणीत मोजता येतं. हंगामाआधी एकदा, हंगामात एकदा. इतक्या वर्षांत आमच्या गँगमधल्या एकाही बाईचं ते तपासलेलं मी पाहिलं नाही. घडाचा नमुना आहे, घड बुडवणाऱ्या हाताचा नाही.

२०१७ मध्ये यवतमाळला फवारणीत विषबाधा होऊन वीसच्या वर शेतकरी-शेतमजूर गेले, तेव्हा राज्य हादरलं. त्यात मेलेल्यांची मोजदाद झाली. चक्कर, मळमळ, हातापायांना मुंग्या, पाळी पुढंमागं होणं, पोट पडणं, यांची कोण करणार? भोपाळच्या वायुकांडानंतर १९८५ साली डॉ. राणी बंग आणि डॉ. मीरा सद्गोपाल तिथल्या वस्त्यांत गेल्या. सगळे डोळे आणि फुप्फुसं तपासत होते. या दोघींनी बायकांना अंगावर जाण्याबद्दल, ओटीपोटाच्या दुखण्याबद्दल, आटलेल्या दुधाबद्दल विचारलं आणि स्त्रीरोगांची साथच समोर आली. पुढे राणी आणि अभय बंग यांनी गडचिरोलीच्या दोन गावांत ६५० बायका तपासल्या. १९८९ साली ‘लॅन्सेट’मध्ये छापून आलं : ९२ टक्के बायकांना स्त्रीरोग होते, आणि आधी तपासणी झालेल्या फक्त ८ टक्के. विचारल्याशिवाय बाईचा आजार नसतोच.

आणि विचारायला नेहमी डॉक्टरच लागतो असंही नाही. २००३ मध्ये आंध्रातल्या तीन गावांत ५० कापूस पिकवणाऱ्या बायकांनी स्वतःच नोंदी ठेवल्या. फवारणी कोणत्या दिवशी, औषध कोणतं, त्यानंतर आपल्याला आणि घरच्या पुरुषाला काय झालं. ३२३ नोंदी झाल्या, त्यातल्या ८० टक्क्यांहून जास्त नोंदींत विषबाधेची लहानमोठी लक्षणं होती. काही वेळा बाधा फारच गंभीर होती, पण एकही जण दवाखान्यात गेला नव्हता. फ्रान्सेस्का मॅन्सिनी आणि सहकाऱ्यांनी ते २००५ मध्ये छापलं. त्या बायका स्वतः फवारत नव्हत्या. पाणी आणणं, औषध कालवणं, पंप भरून देणं, एवढंच ‘हातभार’ म्हणून करत होत्या. विष त्यांच्याही अंगात गेलं.

तेच आम्ही तीन गावांत सुरू केलंय. शंभर पानी वही, पाच रकाने. तारीख. आज चूल किती वेळ पेटली, काय जाळलं. बागेत कोणतं औषध होतं. डब्यावरचं नाव वाचता आलं नाही तर लेबलाचा रंग लिहायचा, त्रिकोण तांबडा, पिवळा, निळा की हिरवा. अंगाला काय झालं. पाळी कधी आली. लिहिता येत नसेल तर शाळेतल्या पोरीकडून लिहून घ्यायचं. पहिल्या महिन्यात बायका लाजल्या, ‘पाळी’ ऐवजी फुली करत होत्या. फुलीही चालते. एका आक्कांनी ‘अंगाला काय झालं’ या रकान्यात सलग अकरा दिवस एकच लिहिलं, ‘नेहमीचंच’. बाराव्या दिवशी मी त्यांच्याकडे जाऊन बसले. “आक्का, नेहमीचं म्हणजे काय?” म्हणाल्या, “सांजच्याला डोकं घुमतंय, हातातलं भांडं पडतंय. त्ये काय लिवायचं आसतंय व्हय?”

आता पाचवी वही भरत आलीये. दोन मागण्या घेऊन जिल्हा परिषदेकडे जायचंय : आपल्या केसपेपरवर ‘स्वयंपाक कशावर करता’ हा रकाना, आणि हंगामात द्राक्षपट्ट्यातल्या मजूर बायकांची रक्ततपासणी. भरलेल्या वह्या पंधरा-वीस गावांतून आल्या तर ऐकून घेतील. कोऱ्या वह्या दाराजवळच्या टेबलावर आहेत. गावाला दोन न्या. पेन्सिल मात्र आपापली.